गालावर शिंगं असलेला हा प्राणी कोण? (म्हैस नाही, डायनासोर पण नाही म्हणे)

कसबा_बावडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न सहावीतल्या लेकीचा आहे, पण आता सगळ्या घराचा झालाय.

दिवाळीच्या खरेदीत महाद्वार रोडवर फेरीवाल्याकडनं प्लास्टिकच्या डायनासोरांचा डबा घेतला. बारा नग. त्यातले दहा तिला तोंडपाठ. अकरावा पाठीवर शीड असलेला, तोही तिनं पुस्तकात हुडकला. बारावा काही सापडेना. अंगानं बसक्या म्हशीसारखा, तोंड पाणघोड्याचं, सुळे बाहेर, डोक्यावर दोन शिंगं. इथपर्यंत ठीक. पण गालातनं पण दोन फुटलीयत! आमच्या आईनं हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाली, "अरे, करणाऱ्याच्या हातनं शिंगं चुकून गालाला चिकटलीत."

शाळेत विज्ञान प्रदर्शन तोंडावर आहे आणि लेकीचा हट्ट, मांडणार तर हाच. तेव्हा सांगा: हा कोण, मराठीत ह्याला काय म्हणायचं, आणि गालावर शिंगं कशाला? फोटो जोडलाय.

तांबडा_पांढरा

फोटो बघितला. आमच्या तालमीतले वस्ताद पहाटे अशाच तोंडानं बसलेले असतात. शिंगं तेवढी नाहीत.

पेठेतला_पुणेकर

डब्यावर डायनासोर लिहिलंय म्हणजे डायनासोरच असणार. ट्रायसेराटॉप्सचा स्वस्त अवतार. चिनी मालाला काय विचारता.

बेसाल्टवाला

पुणेकर, इथं चिनी माल बरोबर आहे आणि तुम्ही चुकलात. :)

हा एस्टेमेनोसुकस. रशियात उरल पर्वताच्या पश्चिमेला पर्म नावाचा प्रांत आहे. तिथं ओच्योर गावाच्या परिसरात, येझोवो नावाच्या ठिकाणी ह्याचे सांगाडे निघाले. चुदिनोव ह्या रशियन संशोधकानं १९६० मध्ये वर्णन छापलं आणि नाव ठेवलं. काळ साधारण २६.७ कोटी वर्षांपूर्वीचा. पर्म हा शब्द ओळखीचा वाटला असेल. मर्चिसन नावाच्या ब्रिटिश भूवैज्ञानिकानं त्या मुलखात हिंडून १८४१ मध्ये एका अख्ख्या कालखंडालाच त्या प्रांताचं नाव दिलं. तेच आपलं पर्मियन.

डायनासोर यायला तेव्हा अजून साडेतीन कोटी वर्षांहून जास्त अवकाश होता. हा सस्तन प्राण्यांच्या भाऊबंदांतला. खूण कवटीत आहे. डोळ्याच्या मागं, कानशिलाच्या बाजूला ह्याच्या कवटीला एकेकच भोक. मगर, सरडे, डायनासोर ह्यांच्या घराण्यात मुळात दोन-दोन. आपल्या घराण्यात एकच. कानशिलावर दोन बोटं ठेवा आणि दातावर दात दाबा. बोटाखाली जो स्नायू फुगतो, त्याची वाट म्हणजे ते भोक.

तुमच्या मुलीला सांगा, अकरावा तो शीडवाला डायमेट्रोडॉन, तोही डायनासोर नव्हे. तोही आपल्याच बाजूचा. बारांत दोन घुसखोर आहेत.

तांबडा_पांढरा

म्हणजे वस्तादांचं आणि ह्याचं नातं खरंच निघालं! मी चेष्टेत म्हटलो होतो. उद्या तालमीत सांगतो, मग मी इथं पुन्हा दिसलो तर नशीब.

कसबा_बावडेकर

बेसाल्टवाला सर, लई उपकार. घरात आत्ता सगळे कानशिलावर बोटं ठेवून दात दाबत बसलोय. आई कवळी काढून दाबतीय.

सातबारा

एक शंका. सर म्हणतात भाऊबंद. पण नेटवर "सस्तन प्राण्यांचा पूर्वज" असं पण दिसतंय. पूर्वज आणि भाऊबंद ह्यात लई फरक आहे. माझा रोजचा धंदा त्यातच आहे. पूर्वज असेल तर आपलं नाव वारसाला लागतं. भाऊबंद असेल तर नुसती बांधावरची भांडणं.

बेसाल्टवाला

भाऊबंदच. वारसा विसरा.

थेरॅप्सिड नावाचं मोठं घराणं. त्याच्या अनेक वाटण्या झाल्या. एका वाटणीतनं पुढं फार नंतर सस्तन प्राणी आले. हा ज्या वाटणीतला, त्यांना डायनोसेफॅलियन म्हणतात, म्हणजे "भयंकर डोक्याचे". नावात डायनो बघून परत डायनासोर म्हणू नका. ती अख्खी वाटणी साधारण २६ कोटी वर्षांपूर्वी खुंटली. म्हणजे हा आपला आजोबा नव्हे, आजोबाचा चुलतभाऊ, आणि तोही निर्वंश गेलेला.

सातबारा

मग त्याचा वाटा कुणाकडं गेला?

बेसाल्टवाला

आधी डायसिनोडोन्टांकडं, म्हणजे चोचीच्या आणि दोन सुळ्यांच्या झाडपाला खाणाऱ्यांकडं. तेही ह्याच भावकीतले. मग सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा संहार झाला आणि सातबाराच कोरा झाला.

शंकासुर

हे कोटी कोटी काय चाललंय? २६.७ कोटी म्हणजे कुणी मोजलं? दगडावर तारीख असते काय? आणि एवढा मोठा आकडा ऐकून माणसाला कळतं काय? मला तर एक कोटी आणि पन्नास कोटी सारखंच वाटतं. बँकेत दोन्ही नाहीत.

बेसाल्टवाला

तारीख असते, पण हाडावर नाही. ज्वालामुखीच्या राखेचे थर मध्ये सापडले की त्यात झिरकॉनचे बारीक खडे मिळतात. त्यांच्यात युरेनियम अडकलेलं असतं, त्याचं ठरलेल्या गतीनं शिसं होत जातं. किती शिसं झालं त्यावरनं वय. एका ठिकाणी राख मिळाली नाही तर तेच प्राणी दुसरीकडं राखेच्या वर सापडले की खाली, ते बघून ताळा घालतात.

दुसरा मुद्दा खरा आहे. मी कॉलेजात शिकवताना एक युक्ती करायचो. कोल्हापूर स्टँडवरनं पुण्याच्या गाडीत बसा. एक किलोमीटर म्हणजे दहा लाख वर्षं मागं. गाडी स्टँडच्या आवारातनं बाहेर वळेपर्यंत आपली माणसाची जात संपली, कारण तीन लाख वर्षं म्हणजे तीनशे मीटर. मग पेठ नाका, कासेगाव. कराडच्या जरा अलीकडं, ६६ किलोमीटरला, डायनासोर मरतात. तिथंच आपल्या पायाखालचा काळा दगडही तापून वाहतोय. पुढं सातारा, सगळा डायनासोरांचा मुलूख. खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या आसपास पहिले उंदराएवढे सस्तन प्राणी. पुण्यात स्वारगेटला उतरलात की डायनासोरांची सुरुवात. पिंपरी-चिंचवडला तो महासंहार. आणि आपला गालावर शिंगंवाला तळेगावात उभा आहे.

हायवे_रोजचा

सर, मी आठवड्यातनं तीनदा कोल्हापूर-पुणे करतो. हिशोब बरोबर, पण रस्त्याचं काम चालू आहे तिथं दहा लाख वर्षं जायला खरंच दहा लाख वर्षं लागतात.

पेठेतला_पुणेकर

स्वारगेटला डायनासोरांची सुरुवात हे मात्र कुणीही मान्य करेल.

तांबडा_पांढरा

पुणेकरानं स्वतःहून मान्य केलं. धागा इथंच बंद करा, ह्याच्यावर काही नाही.

आजऱ्याची_घनसाळ

मी नातवाला घेऊन परवाच न्यू पॅलेसला गेलो होतो. तिथं शिकारीची मुंडकी टांगलेली आहेत ना भिंतीवर, त्याखाली उभा राहून नातवानं विचारलं, हरणाची शिंगं फांद्यासारखी आणि गव्याची साधी का? मला उत्तर देता आलं नाही. आता हा धागा वाचून वाटलं, इथं विचारावं. ह्या रशियन प्राण्याची शिंगं कुठल्या प्रकारातली?

पेठेतला_पुणेकर

तुम्ही ताई की दादा? आयडी बायकी वाटतो आणि "मी गेलो होतो" म्हणताय.

आजऱ्याची_घनसाळ

आजी. आमच्याकडं बाई पण "मी आलो, मी गेलो"च म्हणते. पुण्याला लेकीकडं जातो तेव्हा तिथल्या बायका पण अशाच बघतात माझ्याकडं.

बेसाल्टवाला

आजी, नातवाचा प्रश्न फार चांगला आहे.

गाय, म्हैस, गवा ह्यांच्या शिंगाच्या आत हाडाचा खुंट असतो आणि वरनं नखासारख्या पदार्थाचं टरफल. ते जन्मभर वाढतं, झडत नाही. सांबर, चितळ ह्यांचं सगळंच हाड. वाढताना त्यावर लव असलेली कातडी असते, ती सुकून गळते आणि पुढं अख्खं शिंगच झडून नवं येतं. गेंड्याच्या शिंगात हाड नाहीच, सगळं टरफलाच्या जातीचं. जिराफाची शिंगं म्हणजे कातडीखाली झाकलेले हाडाचे खुंट.

एस्टेमेनोसुकसची शिंगं म्हणजे कवटीच्या हाडांचीच वाढ. कपाळाकडनं वर आणि गालाच्या हाडातनं बाजूला. जाड, बोथट. माझं स्वतःचं मत विचाराल तर भिंतीवरच्या मुंडक्यांपेक्षा तो जिराफाला जवळचा. पण ही जुळणी नुसती रूपाची. जिराफ आणि गवा एकमेकांचे सख्खे वाटावेत इतका हा दोघांपासून लांब आहे. शिंगं ही गोष्ट निसर्गानं परत परत नव्यानं काढलीय.

गवळीवाड्यातला

बराच वेळ वाचत होतो. आता शिंगाचा विषय निघाला म्हणून तोंड उघडतो.

आमच्या घरात चार पिढ्या म्हशी. पंढरपुरी म्हैस बघितली असेल तर माहीत असेल, शिंगं खांद्याच्या मागं जातात. टोकी, भारकंड असे शिंगांवरनं प्रकार पाडतात. पाडव्याला शिंगं घासून, रंगवून, मोरपिसं लावून म्हशी मोटारसायकलच्या मागं पळवतो, ते सगळ्यांनी बघितलंच असेल. लोक विचारतात, एवढी मोठी शिंगं, मारत नाही का?

ऐका. गोठ्यात नवी म्हैस आली की दोन दिवस गोंधळ असतो. पण तो कपाळाला कपाळ लावून ढकलाढकलीचा. जी मागं सरली ती खालची. एकदा ठरलं की मग नुसतं डोकं तिरकं करून शिंग दाखवलं तरी दुसरी गव्हाणीपासनं बाजूला होते. शिंगानं पोटं फाडायची असती तर आमचा गोठा कधीच रिकामा झाला असता. शिंग हे दाखवायचं असतं. जोर कपाळात आणि मानेत.

त्यामुळं तुमच्या खेळण्याचा फोटो बघून मला कळलं ते एवढंच की गालावरची शिंगं मारायला उपयोगाची नाहीत. टोक समोर नाही, बाजूला आहे. समोरनं आलेल्याला डोकं रुंद दिसावं म्हणून ती असणार.

बेसाल्टवाला

गवळीभाऊ, तीस वर्षं शिकवून मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नाही. तज्ज्ञांचा कलही तिकडंच आहे, की ही शिंगं आपापसात ओळखायला आणि रुबाब दाखवायला होती. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. येझोवोला ह्याच्या दोन जाती सापडल्या, उरालेन्सिस आणि मिराबिलिस. दोन्हींची शिंगं वेगळ्या घडणीची. एकाच पाणवठ्यावर दोन जाती वावरत असतील तर आपला कोण हे लांबनं कळायला पाहिजेच.

कपाळाच्या जोराचं म्हणाल तर ह्याच भावकीत दक्षिण आफ्रिकेचा मॉस्कॉप्स आहे. शिंगं नाहीत, पण कवटीचं हाड काही ठिकाणी दहा सेंटीमीटर जाड. २०१७ मध्ये त्याच्या कवटीचं फ्रान्समधल्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरणांच्या यंत्रावर, चित्रण झालं. मेंदू आणि कानाची आतली घडण टक्कर सोसायला सोयीची बसवलेली दिसली. म्हणजे तुमच्या भाषेत जोर कपाळात.

शंकासुर

मला पटलं नाही. दाखवायलाच शिंगं, तर एवढे मोठे सुळे कशाला? पाला खायला? सुळे असलेला प्राणी मांसच खाणार. खेळण्यात पण सुळे बाहेर काढलेत.

डॉ_दाढ

हा माझा प्रांत. दवाखान्यात पेशंट थांबलाय तरी लिहितो.

सुळे बघून मांसाहारी ठरवायचं तर पाणघोडा पण मांसाहारी म्हणावा लागेल. मी कवटीची चित्रं बघितली. पुढचे पटाशीचे दात मोठे, मग दणकट सुळा, आणि मागं मात्र बारीक-बारीक दातांची रांग, पानाच्या आकाराची. मांस कापायला मागं कात्रीसारखे दात लागतात, ते इथं नाहीत. पुढच्यांनी ओरबाडायचं, मागच्यांनी जमेल तेवढं बारीक करायचं आणि बाकीचं काम पोटावर सोडायचं. ह्या ढोलासारख्या पोटात पाला आंबत पडत असणार. मेलेलं काही सापडलं तर तोंड फिरवलं नसेल, एवढं मी शंकासुरांना देतो.

मला जास्त गंमत वेगळ्याच गोष्टीची वाटते. दातांचे वेगवेगळे प्रकार एकाच तोंडात. मगरीचं तोंड उघडा, पुढून मागं सगळे दात साधारण एका घाटाचे. ह्याच्यात पटाशी, सुळा, मागचे दात अशी विभागणी. तीच माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात.

आणि सर, ती कानातल्या हाडांची गोष्ट सांगा ना. शाळेत हातोडी, ऐरण, रिकीब शिकवतात, पण ती आली कुठनं ते सांगत नाहीत.

बेसाल्टवाला

तुम्हीच सांगा, पेशंट थांबलाच आहे.

डॉ_दाढ

बरं. ह्या एस्टेमेनोसुकसच्या खालच्या जबड्यात एकाहून जास्त हाडं होती. आपल्या जबड्यात एकच. मग बाकीची गेली कुठं? ह्या घराण्याच्या जीवाश्मांत क्रमानं दिसतं की दात धरणारं हाड मोठं होत गेलं आणि मागची लहान होत कानाकडं सरकली. जबड्याच्या सांध्यातली दोन हाडं आज आपल्या कानात हातोडी आणि ऐरण म्हणून बसलीयत. राइखर्ट नावाच्या जर्मन संशोधकानं हे जीवाश्मांवरनं नव्हे, गर्भाच्या वाढीवरनं १८३७ मध्येच ओळखलं होतं. म्हणजे हा प्राणी ज्या हाडांनी तोंड उघडत होता, त्या हाडांनी आपण ऐकतो.

आता खरंच जातो, पेशंटनं हे सगळं ऐकलं आणि फी कमी करा म्हणतोय.

आजऱ्याची_घनसाळ

अगंबाई. मग जेवताना कान वाजतात ते त्यामुळंच असणार.

डॉ_दाढ

नाही आजी, त्यासाठी एकदा येऊन जा.

तांबडा_पांढरा

विषय हार्ड चाललाय. पण मूळ मुद्दा राहिला. हे सगळं रशियात. आपल्या कोल्हापुरात खणलं तर काय निघेल? पन्हाळ्याखाली एखादा असेल की.

बेसाल्टवाला

नाही. आणि हे मी नुसत्या अंदाजानं सांगत नाही.

आपला सगळा मुलूख बेसाल्टचा, म्हणजे गोठलेल्या लाव्हाचा. पन्हाळ्यावर, राधानगरीकडं माथ्यावर जो तांबडा जांभा दिसतो, तोही त्याच दगडाचं ऊन-पावसात झालेलं रूप. हाडं टिकायला गाळाचा दगड लागतो. लाव्हा म्हणजे हाडांची चिता.

कुणी म्हणेल लाव्हाच्या खाली जुने थर असतील. ते पण बघून झालंय. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडलं. सुमारे ९३० मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइटाच्या जातीचा अतिप्राचीन खडक. मधला पर्मियन गाळ तिथं नाहीच. वहीची मधली पानं फाटलेली असावीत तसं. गोकाक धबधब्याचा वाळूचा दगड गाळाचा आहे खरा, पण तो इतका जुना की तेव्हा हाडं असलेला प्राणीच नव्हता.

महाराष्ट्रात पर्मियन बघायचं तर विदर्भात जा. चंद्रपूरचा दगडी कोळसा म्हणजे त्या कालखंडातली झाडं. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेच्या आकाराची पानं तिथल्या थरांत उमटलेली सापडतात. त्या कोळशाची वीज आपल्यापर्यंत येते. एस्टेमेनोसुकस नाही मिळाला, तरी त्या युगाचं सरपण आपल्या पंख्याला लागतंय.

आणि हाडं हवी असतील तर प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, पलीकडं तेलंगणात कुंदारमला एंडोथायोडॉन मिळालाय. हा मघाच्या सुळेवाल्या डायसिनोडोन्टांपैकी. बंगालात राणीगंजकडं लिस्ट्रोसॉरस. तो आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकात पण सापडतो, त्यामुळं ही सगळी जमीन एकसंध होती ह्याला मोठा पुरावा मिळाला. आणि आपला भारत ज्या भूखंडाचा तुकडा, त्याला नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरनं, गोंडवाना.

कसबा_बावडेकर

सर, एक घात झालाय. लेकीनं प्रदर्शनासाठी थर्माकोलवर देखावा केलाय. हिरवी लॉनची चटई अंथरली, कागदी फुलं लावली, मध्ये हा उभा. शेजारी कोल्हापुरी फेटा बांधलेला गवळी, कारण धाग्यावरच्या गवळीकाकांचं तिनं वाचलं.

बेसाल्टवाला

गवळी राहू दे. गवत आणि फुलं काढा.

तेव्हा गवत नव्हतंच. फुलझाडं पण नव्हती. नेचे लावा, अश्वपुच्छ लावा, सुरूसारखी सुईच्या पानांची झाडं लावा. जमीन ओली, पुराच्या पाण्यानं गाळ आणलेली. गवत फार नंतरचं. सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी एक तर आपल्याकडचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांचं दगड झालेलं शेण मिळालं, त्यात २००५ साली गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच पदार्थाचे, बारीक कण ओळखले. ते शेण ६६ किलोमीटरच्या पाटीच्या आसपासचं, म्हणजे कराडजवळचं. हा उभा आहे तळेगावात.

हायवे_रोजचा

मराठी माणसाचं नाव शेणावरनं जगात गाजलं म्हणायचं.

गवळीवाड्यातला

शेणाला नावं ठेवू नका. फेटा बांधलेला गवळी राहू दे म्हटल्याबद्दल सरांचे आभार.

एक विचारायचं होतं. अंगावर केस होते का? म्हशीला विरळ असतात.

बेसाल्टवाला

चुदिनोवनंच १९६८ मध्ये ह्याच्या कातडीच्या ठशांबद्दल लिहिलं. खवले दिसत नाहीत, केस दिसत नाहीत. कातडी गुळगुळीत आणि ग्रंथी भरपूर. तुमच्या म्हशीला तेल लावून ऊन्हात उभी केलीत तर जे दिसेल, साधारण त्या दिशेनं विचार करा. खेळण्यावर खवले कोरले असतील तर ते चूक.

कसबा_बावडेकर

खवले कोरलेत. लेक आता पॉलिश पेपर घेऊन बसलीय.

शंकासुर

आकार किती? म्हशीएवढा की कुत्र्याएवढा?

बेसाल्टवाला

उरालेन्सिस तीन मीटरहून लांब, नुसती कवटी सुमारे ६५ सेंटीमीटर. लांबीला गव्याच्या जवळपास, पण उंचीला कमी. पुढचे पाय बाजूला फाकलेले, मागचे त्या मानानं सरळ.

सातबारा

आणि मराठी नाव? मूळ प्रश्नाचा तो भाग तसाच राहिलाय. मी "गालशिंग्या" सुचवतो.

पेठेतला_पुणेकर

ग्रीक नावाचा अर्थ "मुकुट घातलेली मगर". मग "किरीटमकर" करा. भारदस्त आहे.

तांबडा_पांढरा

किरीटमकर हे सोसायटीचं नाव वाटतंय. पार्किंग वेगळं. आणि मगर नाहीच तर मगर कशाला?

बेसाल्टवाला

नाव चुकलं म्हणून शास्त्रज्ञ सहसा बदलत नाहीत. ह्याचाच एक लांबचा नातलग टेक्सासात सापडला. मॅथ्यू ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये त्याला टेट्रासेराटॉप्स म्हटलं, म्हणजे "चार शिंगी तोंड". नंतर लोकांनी मोजली तर सहा निघाली. दोन नाकाच्या टोकाशी, दोन डोळ्यांपुढं, दोन जबड्याच्या कोपऱ्यात. कवटी जेमतेम नऊ सेंटीमीटर. नाव आजही चारचंच आहे.

सातबारा

नोंदीत एकदा चूक झाली की झाली. आमच्याकडं पण तसंच.

कसबा_बावडेकर (दोन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, कारण सांगायचं राहिलं.

प्रदर्शन झालं. नेच्यांसाठी आजऱ्याच्या आजींनी खरंच अंबोलीच्या बाजूनं नेचे वाळवून पाठवले, त्यांचे आभार. फलकावर लेकीनं गालशिंग्या लिहिलं, खाली कंसात किरीटमकर, म्हणजे दोन्ही पक्ष खूश. कोल्हापूर ते तळेगाव रस्त्याचा नकाशा भिंतीवर लावला, त्यापुढं देखाव्यापेक्षा जास्त गर्दी झाली.

परीक्षकांनी विचारलं, "बाळा, हा कुठला डायनासोर?" तिनं त्यांना कानशिलावर दोन बोटं ठेवून दात दाबायला लावले. नंबर दुसरा आला. पहिला पाणी शुद्ध करायच्या यंत्राला, दरवर्षीप्रमाणं.

आई अजून मानत नाही. तिचं म्हणणं, खालच्या शिंगांना पण पाडव्याला रंग द्यायचा म्हणजे जास्तीचा डबा लागणार, एवढा खर्च कोण करतंय.

गवळीवाड्यातला

मावशींना सांगा, डबा मी देतो. लाल की गुलाबी?

शंकासुर

त्या डब्यातल्या बाकीच्या दहांचे पण फोटो टाका. मला त्यातला एक अजून संशयास्पद वाटतोय.